बारा एकतीस म्हणजे बारा एकतीस

होळी झाली की आमच्या बचत गटाचा फोन वाजायला लागतो. आम्ही अकराजणी मिळून लग्नाचा स्वयंपाक करतो. दीडशे पानांपासून आठशे पानांपर्यंत. लग्न कसं पार पडलं हे व्यासपीठावरून एक दिसतं आणि भटारखान्यातून दुसरंच दिसतं. आज मी तुम्हाला भटारखान्यातून दिसणारं लग्न सांगणार आहे. विषय आहे लग्नाची वेळ. ऐकायला किरकोळ वाटेल, पण जेवण, पाणी, पाहुणे, मानपान, सगळं त्या एका वेळेला बांधलेलं असतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातलं लग्न, सहाशे पानांचा स्वयंपाक. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटांनी. आम्ही पहाटे तीनला चुली पेटवल्या. बासुंदी आदल्या रात्रीच आटवून पिंपात भरून बर्फात ठेवली होती. पुऱ्या, दोन भाज्या, मसालेभात, वरण, सगळं बाराच्या आत तयार. आणि नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी! पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारी पोरं. दीड वाजला. मग कुणी पुढारी आले, त्यांचा सत्कार, त्यांचं भाषण. अक्षता पडल्या तेव्हा घड्याळात पावणेतीन झाले होते. तोवर बर्फाचं पाणी झालेलं, आणि मसालेभात तीन तास पातेल्यात झाकून कोमट होऊन बसलेला. मी बासुंदी चाखून पाहिली. वास नाही, चव बिघडलेली नाही. म्हटलं, वाढा.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा पुरेनात, सतरंज्यांवर सलाईन लावलं. जास्त करून लहान मुलं. देवाच्या दयेने सगळी बरी होऊन घरी गेली. पण गावभर एकच बोलणं, बायकांनी स्वयंपाक नासवला. पावणेतीन वाजले ते कुणामुळे, हे कुणी विचारलं नाही. अर्थात माझी चूक होतीच. ती बासुंदी मी ओतून द्यायला हवी होती. सहाशे माणसांसमोर पक्वान्न ओतून द्यायची हिंमत झाली नाही मला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी मला बसवून समजावलं, ते तुम्हालाही सांगते. आपल्या हातावर, नाकात, एखाद्या पिकलेल्या फोडात काही जंतू असतात. ते दुधाच्या पदार्थात गेले आणि पदार्थ उन्हाळ्यात बाहेर राहिला, की ते तिथे विष तयार करतात. वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणूनच माझी जीभ फसली. आणि एकदा तयार झालेलं हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. भाताचं वेगळं. भातातला एक जंतू बीजासारखा कवचात लपून राहतो. भात शिजला तरी तो मरत नाही, आणि भात कोमट राहिला की उगवतो. म्हणून शिजलेलं अन्न एक तर हात भाजेल इतकं गरम हवं, नाहीतर फ्रिजसारखं गार. मधली कोमट अवस्था वाईट. चाळीस अंशांच्या उन्हात असं अन्न तासाभरावर ठेवू नये, असं त्या म्हणाल्या.

आता हिशोब करून पाहा. सहाशे पाहुणे, दीडशेची एक पंगत. बसणं, वाढणं, जेवणं, उठणं आणि पुन्हा झाडून पानं मांडणं, याला चाळीस मिनिटं धरा. चार पंगतींना दोन तास चाळीस मिनिटं. अक्षता बारा एकतीसला पडल्या, पहिली पंगत बारा पन्नासला बसली, तर शेवटची पंगत साडेतीनला उठते. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी शेवटच्या माणसाला जेवायला तीन वाजतात! तेच लग्न पावणेतीनला लागलं तर शेवटची पंगत पावणेसहाला उठते. बाराला उतरवलेला भात पावणेसहापर्यंत. बुफे असला तर थोडा वेळ वाचतो, पण रांगेत उभं राहायला जातोच.

म्हणून आम्ही आता भात एकदम शिजवत नाही. अनुभवाने सांगते, पुऱ्या-भाज्या असल्या तर शंभर माणसांना सगळा मिळून आठ किलो तांदूळ पुरतो. सहाशेला अठ्ठेचाळीस किलो. त्याचे चार वाटे करायचे. पहिला वाटा अक्षतांच्या आधी, आणि पुढचा वाटा एकेक पंगत बसली की चुलीवर. पुरीचं पीठ मळलेलं असू द्या, पण तळायची पंगतीच्या तोंडाशीच. भाजी मंद आचेवर वाफाळत राहिली पाहिजे. यजमानीणबाई मधूनच येऊन म्हणतात, “अगं, सगळं करून ठेवा ना, ऐनवेळी घाई नको.” त्या माउलीला वाटतं तयारी म्हणजे भरलेली पातेली.

आणि पक्वान्न? उन्हाळ्यात दुपारच्या लग्नाला बासुंदी, रबडी, श्रीखंड, दुधातली फळं घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जिलेबी घ्या, बुंदी घ्या, बालुशाही घ्या. गरम लापशी किंवा शिरा तर फारच छान. ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी वाटून दुपारी वाढू नका. मठ्ठा हवा तर आयत्या वेळी घुसळा. आता मला कुणी बासुंदीचा हट्ट केला तर मी सांगते, संध्याकाळचं लग्न धरा किंवा दुसरा आचारी बघा.

मठ्ठ्यावरून बर्फ आठवला. मासे आणि फळं थंड ठेवायला जो लादीचा बर्फ वापरतात तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच आपल्या राज्यात २०१८पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायला अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं आहे. निळसर लादी आली तर ती पिंपाच्या बाहेर ठेवायला वापरा. सरबतात आणि मठ्ठ्यात टाकू नका.

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्या भागात उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे टँकर. पिण्यालाच माणशी दोन लिटर तरी धरा. हात धुणं, भांडी, स्वयंपाक वेगळा. टँकरचं पाणी टाकीत पडलं की त्यात टीसीएल पावडर गेली पाहिजे. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पाच हजारांच्या टँकरला पंचवीस ग्रॅम. मग अर्धा तास थांबायचं. चिमटी-मुठीचा अंदाज नको. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पावडर ताजी आहे का आणि पाण्यात क्लोरीन उतरलं का, हे तोच तपासून देतो. लग्नाची पत्रिका सरपंचांना आठवणीने जाते, जलसुरक्षकाला कुणी देत नाही. यंदा द्या.

आता वेळेकडे येऊ. मुळात आपले जुने लोक वेळेच्या बाबतीत आपल्यापेक्षा फार कडक होते. तुमच्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल, लग्नात घटिकापात्र मांडायचे. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात तांब्याची छोटी वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटीत हळूहळू पाणी शिरायचं, आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. दिवसरात्रीच्या साठ घटका. तिच्यावर नजर ठेवायला खास माणूस बसवायचे. घरात घड्याळ नव्हतं त्या काळात मांडवात घड्याळ मांडणारी ही माणसं! आज मांडवातल्या प्रत्येकाच्या खिशात घड्याळ आहे, आणि मुहूर्त टळून दोन तास झाले तरी गुरुजी “शुभमंगल सावधान” म्हणतात. मग पंचांग कशाला बघितलं, असा प्रश्न मला दर लग्नात पडतो.

या उशिरात सगळ्यात हाल कुणाचे होतात? नवरीचे. ती गौरीहराशी बसलेली असते, अंगावर शालू, पोटात काही नाही. कन्यादान करायचं म्हणून तिच्या आईवडिलांचाही उपास. त्यात कुणाला साखरेचा त्रास असला तर बघायलाच नको. पत्र्याच्या शेडखाली नाहीतर कापडी मांडवात वैशाखाची दुपार, म्हणजे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लग्नाच्या मांडवातली म्हातारी माणसंही तशीच ताटकळलेली असतात. फक्त ती आपली असतात म्हणून तक्रार करत नाहीत.

तेव्हा वेळेचं बोलणं करायचं कधी? लग्नाच्या दिवशी करून उपयोग नाही. त्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि मुलीकडच्यांनी तोंड उघडलं तर मानपानाचा प्रश्न होतो. ते बोलायचं याद्यांच्या बैठकीत. सुपारी फुटते, कोणता खर्च कुणाचा ते कागदावर उतरतं. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, वाजंत्री कुणाची, पोशाख किती, साड्या किती. त्याच कागदावर चार वेळाही लिहून घ्या. परण्या किती वाजता निघणार, वाद्य किती वाजता थांबणार, अक्षता किती वाजता आणि पहिली पंगत किती वाजता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या त्याच कागदावर होतात, हे विसरू नका.

बोलायचं कसं, हेही सांगते. “तुमची पोरं नाचून उशीर करतात” असं म्हटलं की संपलं. त्याऐवजी विहीणबाईंना शेजारी बसवून म्हणावं, “विहीणबाई, तुमच्या सासूबाई येणार, आमची आई येणार. ऊन फार आहे. परण्या साडेनऊला काढू या, म्हणजे पोरांना पोटभर नाचायला मिळेल आणि बारा एकतीसला अक्षताही पडतील.” नाच बंद करायचा नाही, अलीकडे आणायचा. मी हे दोन-तीन घरांत सुचवलं, आणि विहीणबाईच पुढे होऊन म्हणाल्या की आमचंही हेच म्हणणं होतं, पण आमच्या घरात आमचं ऐकतं कोण! तर दोन्हीकडच्या बायका एका बाजूला झाल्या की निम्मं काम होतं. हौस राहिलीच तर वरात संध्याकाळी काढा. फक्त रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे.

डीजेवाल्याशी किंवा बँडवाल्याशी बोली करताना वेळेवरच करा. बाराला वाद्य बंद, तरच उरलेले पैसे. आणि त्याला बंद करायला सांगणारा माणूस एकच असावा, शक्यतो नवऱ्या मुलाचा मामा. मामाचं पोरं ऐकतात. वडिलांचं त्या दिवशी कुणीच ऐकत नाही.

सत्काराचं जरा नाजूक आहे. गावात राहायचं तर पुढाऱ्यांना बोलवावं लागतं, हे मला कळतं. पण माईक कुणाच्या हातात आहे यावर पुढचं सगळं ठरतं. एखादा शाळामास्तर किंवा समजूतदार भाऊ माईकवर बसवा, आणि त्याला आधीच सांगा की सत्कार अक्षतांनंतर, पहिली पंगत बसल्यावर. पाहुणे जेवत असले की भाषणही आपोआप आटोपतं. साहेबांना उशीर झाला तर ते आल्यावर वधूवरांना आशीर्वाद देतील, जेवतील, जातील. त्यांच्यासाठी मुहूर्त थांबवावा अशी त्यांची स्वतःची अपेक्षा बहुधा नसते. त्यांच्या मागेपुढे करणाऱ्यांची असते. मंगलाष्टकांचंही ठरवून ठेवा. वही घेऊन आलेल्या प्रत्येक मावशीला नाही म्हणता येत नाही, पण कोण म्हणणार आणि किती, हे आदल्या दिवशी हळदीतच ठरवता येतं. अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातांचाही विचार करावा.

दुपारचाच मुहूर्त हवा, असं तरी कुठे आहे? गुरुजींना विचारलं तर सकाळचे मुहूर्तही निघतात, आणि गोरज मुहूर्त तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गाई रानातून परतायची ती वेळ. ऊन उतरलेलं, लोक शेतातली कामं उरकून आलेले, जेवणही रात्रीच्या गारव्यात. याची एक अडचण मात्र आहे. पाहुण्यांची शेवटची एसटी चुकते, म्हणजे मुक्कामाची सोय करावी लागते किंवा जीप ठरवावी लागते. बायाबापड्यांना रात्री अकराला फाट्यावर सोडून देऊ नका. ती सोय जमत नसेल तर सकाळी दहा-अकराचा मुहूर्त उत्तम.

पाहुण्यांचा आकडा हे आमचं दुसरं रडगाणं. यजमान म्हणतात चारशे, येतात सहाशे. कारण पत्रिका मोजतात, माणसं मोजत नाहीत. जुनी पद्धत बरी होती. कुठे घरटी एक आवतण, कुठे चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटणार नाही, अख्खं घर जेवायला. आजही यादी करताना प्रत्येक नावापुढे एक, दोन की चूलबंद, हे लिहा आणि बेरीज करा. आवतण देतानाही तसं स्पष्ट सांगा. “सगळ्यांनी या हं” असं सगळ्यांनाच म्हणायचं आणि मनात एकच धरायचा, यात आपलीच फजिती होते. त्या आकड्यावर दहा टक्के चढवून आम्हाला सांगा. मुलीकडच्यांना वऱ्हाड किती येणार हे विचारायला लाज वाटते. लाजू नका. गाड्या किती, एवढंच विचारा. आकडा आपोआप कळतो.

एवढं करूनही उशीर झालाच तर? मग मी यजमानांना सांगते, आता अक्षतांची वाट बघू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं, गोळ्या-इंजेक्शनवाले आणि पोटुशा बाया यांना एका बाजूला बसवून वाढा. लग्न लागायच्या आधी पान वाढणं अशुभ, असं कुणी म्हणतं. म्हणू द्या. ही पंगत म्हणून मांडूच नका, न्याहारी म्हणा, आणि वाढायला घरातलीच थोरली बाई उभी करा. तिच्या हातून वाढलं की कुणी नावं ठेवत नाही. नवरीच्या पाठराखिणीकडे लिंबू-साखर-मिठाचं पाणी देऊन ठेवा. कुणाला भोवळ आली, अंग तापलं, बरळायला लागलं, तर घोळका करू नका. सावलीत न्या, अंगावर ओलं कापड घाला, वारा घाला आणि १०८ला फोन करा. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट घोट देत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

पाहुण्यांनीही काही पाळावं. मुहूर्तावर पोचावं. “लग्न काय वेळेवर लागतंय थोडंच” म्हणून सगळेच दीडला आले, तर लावणाऱ्यालाही बळ येत नाही. जेवण झालं की पंगतीतून उठावं, पाठीमागे लोक उभे असतात. आणि जाताना आहेराची टोपी कमी मिळाली म्हणून तोंड वाकडं करू नये. ती टोपी कुणी घालत नाही, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

शेवटी उरलेल्या अन्नाचं. दुपारी चारनंतर उरलेला भात, वरण, दुधाचं काही असेल तर ते कुणाच्याही घरी पाठवू नका. गरीब आहेत म्हणून त्यांची पोटं वेगळी नसतात. जिलेबी, बुंदी, पुऱ्या द्या, त्या टिकतात. जेवण द्यायचंच असेल तर पहिल्या पंगतीच्या वेळीच बाजूला काढून गरम गरम पाठवा. आणि उरलेल्या भाताची घमेली गोठ्यात नेऊन ओतू नका. गाई-म्हशींनी एकदम भरपूर शिजलेला भात आणि पुऱ्या खाल्ल्या की त्यांच्या पोटात आंबवण होऊन पोट फुगतं, आणि जनावर दगावतंही. त्यापेक्षा शेताच्या कडेला आदल्या दिवशीच एक खड्डा खणून ठेवा. तो खणायचं काम कुणाकडे, हेही त्याच यादीत लिहा.